लाल पट्ट्याचे तीन फ्यूज

आमच्या गावची लाईट एकदा वानरानं नेली, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मी ह्या उंबरझरीत एकतीस वर्षं वायरमन होतो, आणि ‘दहा मिनिटांत येते’ हे वाक्य रोज बोलून बोलून गावाचा माझ्यावरचा विश्वास मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी संपवला होता. तेव्हापासून खरं आणि खोटं मला सारख्याच भावात पडतं.

परवा दुपारी बाराला लाईट गेली आणि तीन वाजले तरी आली नाही, तेव्हा मी हीच गोष्ट काढली. लिंबाखाली आमची जुनी डीपी आहे, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजची पेटी. वय झालं तरी जागा न सोडता घुं घुं करत उभी, अगदी माझ्यासारखी. तिच्याजवळ ग्यानोबाचं चहाचं दुकान. शिलाई मशीन बंद पडल्यामुळे मुनीर टेलर गळ्यात टेप अडकवून तिथे येऊन बसला होता. आणि डीपीच्या पेटीत डोकं घालून उभी होती प्रतीक्षा, गावाची आताची वायरमन. खालच्या आळीची पोरगी, पद्मिनबाईंची धाकटी. डोक्यावर हेल्मेट, हातात कोपरापर्यंतचे मोजे. आमच्या वेळी हेल्मेट म्हणजे टोपी आणि हातमोजे म्हणजे देवाचं नाव.

“तात्या, तिन्ही फ्यूज तडकलेत,” ती म्हणाली. “स्टोअरला फोन केला, सोमवारपर्यंत थांबा म्हणतात. असले चिनीमातीचे आता येतच नाहीत. तुमच्याकडं जुनंपानं काही आहे का?”

“माझ्याकडं काय नाही ते विचार.”

मी घरी गेलो आणि माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा काढून आणला. निवृत्त झालो त्या दिवशी पिशवीतलं सगळं मी त्यात ओतलं होतं. पक्कड, तारांची भेंडोळी, खिळे, बटणं, काय काय. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. मी तो तसाच प्रतीक्षाच्या पायाशी ठेवला आणि बाकावर येऊन बसलो.

“वानर फ्यूज खातं का वो तात्या?” ग्यानोबानं मुद्दाम विचारलं. त्याला गोष्ट पाठ होती. पण गिऱ्हाईक बसून राहिलं की चहा खपतो.

“खात नाही. नेतं. ऐका.”

*

ते दिवस भारनियमनाचे होते. दिवसात बारा-बारा तास लाईट नसायची. असायची तेव्हाही वरच्या आळीला. खालची आळी तारेच्या शेवटाला; तिकडं पोचेपर्यंत विजेला दम लागायचा. बल्ब पेटलाय की नाही ते बघायला काडी ओढावी लागायची.

“हे मात्र खरं आहे,” मुनीर म्हणाला. “आमच्या दुकानातला पंखा मी हातानं फिरवायचो आणि मग तो लाजेकाजेस्तव दोन वेढे घ्यायचा.”

त्यावर उपाय एकच होता, खालच्या आळीला स्वतंत्र डीपी. आणि त्या साली गावाला एक नवी डीपी मंजूर झाली. कुठे बसवायची ते पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरणार होतं. शेषेरावअण्णा वरच्या आळीचे, गाव त्यांच्या शब्दावर चालायचं; त्यांना ती हवी होती त्यांच्या मळ्याच्या वाटेवर. पद्मिनबाईंना हवी होती खालच्या आळीत.

पद्मिनबाई सरपंच होत्या. म्हणजे जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा अण्णांनीच त्यांना उभं केलं होतं, कारण गावात त्यांच्यापेक्षा गरीब स्वभावाची बाई सापडली नाही. अडीच वर्षं त्यांनी अण्णा दाखवतील तिथे सही केली. सभेत खुर्चीवर बसायच्या त्याही अशा, की खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे आणि तो आत्ता येईल. आवाज तर इतका बारीक, की त्या तुमच्याशी बोलत असल्या तरी तुम्ही मागे वळून बघायचं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी खांबावर होतो आणि खाली कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बघतो तर सरपंचबाई.

“कधीच्या उभ्या आहात?”

“हाका मारायले की भाऊ,” त्या म्हणाल्या. “लिंबाजीभाऊ, पंधरा तारखेला मी बोलणार आहे.”

“कुठं?”

“सभेत. डीपीचं. माइकवर.”

मी खांबावरून पडलो नाही, हे कंबरपट्ट्याचे उपकार.

“लिहून काढलंय,” त्यांनी पदराआडून कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला शाळेतल्या पोरीसारखं गोल अक्षर. “शाळेच्या खोलीत रोज म्हणून बघते. माइक असला तर माझा आवाज पोचतो. मंडपवाल्याच्या माइकला बॅटरी आहे, पण ती चार्ज व्हायला लाईट कुठंय? तेवढी एक सभा होईस्तोवर लाईट जाऊ देऊ नका. दोन तास. मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही.”

“वहिनी,” मी छातीवर हात मारला, “इंद्र जरी पक्कड घेऊन आला तरी त्या दोन तासांत लाईट जाणार नाही.”

आणि मी शब्द पाळला, बरं का. सबस्टेशनच्या ऑपरेटरला दोन डझन केळी दिली, त्यानं त्या दिवशीचं भारनियमन दुपारनंतर ढकललं. एवढंच नाही, आदल्या दिवशी मी डीपीचे तिन्ही फ्यूज काढून घासले, नवी तार भरली आणि ओळखीसाठी प्रत्येकावर लाल रंगाचा पट्टा मारला. माझी ती पद्धतच होती. माझ्या डीपीचा फ्यूज माझ्या हातचा, त्यावर माझी खूण. ज्यानं काढला त्यानंच लावायचा, मध्ये दुसऱ्याचा हात नको. काम चालू असलं तर मी फ्यूज पिशवीत घालूनच खांबावर चढायचो. म्हणजे खाली कुणी शहाण्यानं लाईट चालू करायची म्हटलं तरी त्याच्याकडं फ्यूजच नाहीत.

“तीच पद्धत आम्हालाही शिकवली,” प्रतीक्षा पेटीतून म्हणाली. ती डब्याच्या झाकणाखाली पेचकस घालून ते उचकटत होती.

“मग! कोर्स तुमचा नवा, शास्त्र आमचंच.”

*

पंधरा ऑगस्ट. साडेआठला झेंडावंदन झालं, पोरांना साखरेचे बत्तासे वाटले आणि दहाला शाळेच्या पटांगणात सभा बसली. पुढे वरच्या आळीचे पुरुष, मागे खालच्या आळीच्या बाया. एरवी सभेला पाच बाया येत नाहीत, त्या दिवशी साठ-सत्तर आल्या होत्या, कामाचा खाडा करून. अण्णांनी मागे वळून बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

मुख्याध्यापक म्हणाले, “आता सरपंचबाई दोन शब्द बोलतील.”

पद्मिनबाई उठल्या. कॅलेंडरचं पान उलगडलं. माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.” तो नमस्कार कर्ण्यातून पार नदीपर्यंत गेला. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. त्या हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच बघितलं.

म्हणजे, बघितलं असं नाही. मी तिथं नव्हतो. लोकांनी सांगितलं.

“मग कुठं होतात?” मुनीरनं विचारलं.

“डीपीवर लक्ष ठेवून होतो. म्हणून तर वानर दिसलं.”

आता हे वानर साधं नव्हतं. बसलेलं असताना माझ्या कमरेला लागेल एवढं. पांढऱ्या मिशा, तोंड काळं, डोळ्यांत सरकारी नोकराची झाक. लिंबावरून उतरलं, इकडंतिकडं बघितलं, पेटी उघडली. आधी वीज बंद करायचा खटका खाली पाडला. मग एक फ्यूज काढला, फुंकर मारली, काखेत घातला. दुसरा काढला, फुंकर मारली...

“फुंकर कशाला?” ग्यानोबा.

“धूळ असते. मला बघून शिकलं होतं.”

“आधी खटका पाडला होता?” प्रतीक्षानं वर न बघता विचारलं.

“पाडला होता.”

“हुशार होतं.”

“हुशार म्हणजे! आयटीआय झालेलं असणार.”

सगळे हसले. मीही हसलो. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की कुठे हसू येतं ते मला उतारावरच्या सायकलीसारखं माहीत आहे. पॅडल मारावं लागत नाही.

तर माइक मेला. बाईंचे ओठ हलत होते आणि आवाज पहिल्या रांगेच्या अलीकडेच संपत होता. “काय म्हणतात?” “जोरात बोला वो बाई!” “लाईट गेली वाटतं!” मग सगळी खालची आळीच उठली आणि डीपीकडं निघाली. बघतात तर पेटी सताड उघडी, आत फ्यूजच्या जागी तीन भोकं. तेवढ्यात मी पोचलो.

“लिंबाजीभाऊ,” पद्मिनबाईंना धाप लागली होती, “फ्यूज कुठं गेले?”

“वानरानं नेले, वहिनी! तिकडं, ओढ्याकडच्या चिंचांवर!”

“दुसरे नाहीत का?”

“सबस्टेशनला. जाऊन यायला दोन तास.”

“मग नुसती तार गुंडाळून द्या ना. नेहमी देता.”

“आज नाही जमायचं. तार गुंडाळली अन् डीपी जळली तर सहा महिने अंधार. फ्यूजच पाहिजेत. लाल पट्टा मारलेले आहेत. लांबून दिसतील.”

झालं. अख्खी आळी ओढ्याकडं. पुढं सरपंचबाई, मागं साठ बाया, त्यांच्या मागं लेकरं. चिंचेच्या बनात वानरांचं टोळकं बसलं होतं, ते एवढी पंचायत बघून बिचकलं. कुणी भाकरी दाखवते, कुणी शेंगा. कुणी हात जोडून ‘मारुतिराया, दे रे बाबा’ म्हणते. एक म्हातारी तर वानराला म्हणाली, “तुला एक राहू दे, दोन दे.” लेकरं झाडाखाली पाचोळा उकरून लाल पट्टा शोधत होती. ही प्रतीक्षाही होती त्यांच्यात, सात वर्षांची. काय गं?

“होते,” ती म्हणाली. “माझ्या वाटचे बत्तासे मी दिले होते वानराला.”

“घेतले?”

“घेतले. फ्यूज दिला नाही.”

पुन्हा हशा. ग्यानोबानं न मागता चहा भरला.

पद्मिनबाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती. तीत लेकीसाठी आणलेली भाकरी, आणि घाईघाईत त्यांनी भाषणाचं पानही त्यातच कोंबलं होतं. भाकरी काढायला म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि एका दांडग्या वानरानं वरून झेप घेऊन पिशवीच हिसकली. गेलं सरळ शेंड्यावर. भाकरी खाल्ली. पान उलगडलं. दोन्ही बाजू बघितल्या. फाडून तुकडे सोडून दिले.

आम्ही सगळे वर बघत उभे. तुकडे खाली आले, काही ओढ्यात पडले.

मी म्हणालो, “वहिनी, दुसरं लिहून काढू.”

त्या माझ्याकडं वळल्या. रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “राहू द्या, लिंबाजीभाऊ. कुणीतरी घेतलं तरी माझं बोलणं.”

तेवढ्यात शाळेकडून टाळ्या ऐकू आल्या. अण्णांना माइक कधीच लागत नसे. तीन शेतांपलीकडच्या गड्याला ते ओसरीवरून हाक मारायचे. अध्यक्ष जागेवर नाहीत म्हणून पटांगणात उरलेल्यांनी उपसरपंचाला खुर्चीवर बसवलं होतं, हात वर करून ठराव केला होता. डीपी मळ्याच्या वाटेवर. विरोधात एकही हात नाही. विरोधातले हात चिंचेखाली भाकरी धरून उभे होते.

*

गोष्ट मी इथेच संपवतो नेहमी. शेवटी म्हणतो, “अशी आमच्या गावची लाईट वानरानं नेली,” आणि लोक म्हणतात, “तात्या, तुमचं काही सांगता येत नाही बुवा.” कुणीतरी चहाचे पैसे देतो.

पुढचं सांगत नाही. खालच्या आळीत डीपी आली ती त्यानंतर अकरा वर्षांनी. पद्मिनबाईंनी उरलेली अडीच वर्षं पुन्हा सह्या केल्या. नंतर कुणी काही विचारलं, बचत गटात का असेना, तर त्या हसून म्हणायच्या, “मला नाही बाई बोलता येत.” अजूनही तेच म्हणतात. मीटर बघायला गेलो की मला चहा द्यायच्या, बशी पुसून. कधी एका शब्दानं काही विचारलं नाही. ते फार जड जायचं.

आणि मधलं एक मी गाळतो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही गावचे नाहीत.

चौदा तारखेला मी फ्यूजला रंग मारून अण्णांच्या ओसरीवर गेलो होतो. रोजच जायचो. गप्पा मारायला माझ्याशिवाय त्यांना करमत नसे. अण्णा हसले, की मला बढती मिळाल्यासारखं व्हायचं.

“लिंबाजी, उद्या बाई बोलणार म्हणे,” अण्णा म्हणाले.

“बोलणार. पंधरा दिवस शाळेत पाठ करायल्यात.” मी उठलो आणि पद्मिनबाईंची नक्कल करून दाखवली. पदर सावरला, हातात नसलेलं पान धरलं, बारीक आवाज काढला. ओसरी लोटपोट हसली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“गंमत करू,” डोळे पुसत ते म्हणाले. “बाईनं तोंड उघडलं की लाईट घालव. पाचच मिनिटं. काय करते बघू. मग लावून टाक.”

मला धमकी नव्हती. बदलीची भीती नव्हती. अण्णांनी कधी मला काही दिलं नाही आणि त्या दिवशीही देऊ केलं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगायला बरं एक कारणसुद्धा नाही. पाच मिनिटांची गंमत होती, आणि गंमत म्हटलं की मी लिंबाजी.

म्हणून ‘जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार’ हे मी ऐकलं ते डीपीपाशी उभं राहून. पेटी उघडी, हात खटक्यावर. मी खटका पाडला. सवयीनं तिन्ही फ्यूज काढले, सवयीनंच पिशवीत घातले आणि लिंबामागे जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं मोजत. पण चौथ्या मिनिटाला ती सगळी माणसं आली आणि डीपीला वेढा घालून उभी राहिली. फ्यूज लावायचे तर पिशवीतून काढायला हवेत. पिशवीतून काढले तर, पिशवीत घातले कुणी? बाईंनी विचारलं, “फ्यूज कुठं गेले?” आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं.

चिंचेखाली मीही त्यांच्यासोबत वर बघत होतो तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत तिन्ही फ्यूज एकमेकांवर वाजत होते. मी चाललो की वाजायचे. म्हणून मी एका जागी उभा होतो.

दुपारी सायकलवरून सबस्टेशनला जाऊन नवे आणले. जुने परत लावता येईनात. लाल पट्टा आता सगळ्या गावाला माहीत होता. ते पिशवीच्या तळाशीच राहिले.

*

“अशी आमच्या गावची लाईट वानरानं नेली,” मी म्हणालो आणि कप खाली ठेवला.

“तात्या, तुमचं काही सांगता येत नाही,” मुनीर टेप गुंडाळत म्हणाला.

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज मी मघाशीच ऐकला होता. तो डबा त्या दुपारी आणायलाच हवा होता असं नाही. सोमवारपर्यंत गाव थांबलं असतं. आणायचाच होता तर वरच्यावर चिवडून, तळ बघून आणता आला असता. माळ्यावर शिडी लावून उभा होतो तेव्हा झाकणावर हात ठेवून मी थांबलो होतो, एवढं आठवतं.

प्रतीक्षानं हातमोजे काढले होते. भेंडोळी आणि खिळे तिनं जमिनीवर नीट बाजूला काढून ठेवले होते. तिच्या ओंजळीत ते तिन्ही होते. ओढणीच्या टोकानं ती एकावरची धूळ पुसत होती. पांढऱ्या चिनीमातीवर बोटभर रुंद लाल पट्टा. अंधारात राहिल्यामुळे रंग उडाला नव्हता.

ग्यानोबानं चहाची किटली हातातच धरून ठेवली.

ती उठली, माझ्यासमोर आली आणि एकेक फ्यूज माझ्या शेजारी बाकावर ठेवला. एक, दोन, तीन. तिचा आवाज मोठा आहे, आईसारखा नाही. खांबावरून बोलायची सवय. पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी बाया होत्या, त्यांनीही माना वळवल्या.

“तात्या,” ती म्हणाली, “वानर नव्हतंच.”